मघाची मूल्यं

कित्येक वर्षं काहीच ऐकू न येणाऱ्या बाळारामकाकांच्या कानात बसवायचं सर्किट अजून संगणकातच होतं, पण त्याची प्रत्येक चाचणी तारेवाटे थेट त्यांच्या मेंदूला ऐकू जात होती. आज जमलं नाही, तर मेंदूला विश्रांती म्हणून वर्षभर थांबावं लागणार होतं.

"पत्र्यावर खडे पडल्यागत वाजतंय," काका कंटाळून म्हणाले.

अभियंता केतकी पडद्याकडे वळली. मघाशी एकदा त्यांना माणूस बोलल्यासारखं वाटलं होतं, मग पुन्हा खडेच कसे? तिनं नीट पाहिलं. प्रत्येक चाचणीआधी संगणक सर्किटची सगळी मूल्यं, म्हणजे आवाज ठरवणारे आकडे, पहिल्यासारखी करत होता आणि मघाशी साधलेलंही पुसून टाकत होता. तिनं ते बंद केलं, मघाची मूल्यं परत भरली आणि त्यांतलं एकच किंचित वाढवलं. मग संगणकाला जोडलेला माइक शेजारी बसलेल्या सगुणाकाकूंपुढे धरून त्यांना खूण केली.

"अवो, ऐकू येतंय का?" काकू सवयीनं बेंबीच्या देठापासून ओरडल्या.

काका दचकले. "हळू बोल की! मी काय बहिरा हाय व्हय?"

मग काकूंना हसू आवरेना.

"हां, हस," काका डोळे मिटून म्हणाले. "थांबू नको."