चिमटीतलं तेल

वरुणरावांनी चिमटीत तेल धरलं आणि दोन बोटं हळूच अलग केली. तार आलीच नाही.

"हे तेल नव्हे," ते तमिळमध्ये म्हणाले. "रसम आहे. तेही वरचं, निवळलेलं."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले गुरुमूर्ती हसले. ते तिरुवैयारूला वीणा शिकवत. त्यांची जुनी गाडी बावीस वर्षं वरुणरावांच्याच हाताखाली चालली. आता मुलीनं नवी घेऊन दिली, तर कंपनीची फुकट सर्व्हिस संपताच ते ती थेट इथेच घेऊन आले होते.

"राव सार, रसम घाला नाहीतर सांबार घाला. मार्गळीच्या महिन्यात पहाटे मला देवळात पोचवलं म्हणजे झालं."

गाडीखालच्या थाळीत जुनं तेल ठिबकून संपलं होतं. नवा फिल्टर बसला होता. बाकावर दोन डबे. एक वरुणरावांचा नेहमीचा, दाट ट्वेंटी-डब्ल्यू-फॉर्टी. त्याची तार बोटभर लांबली तरी तुटत नसे. दुसरा सुनेनं, लक्ष्मीप्रियानं, फोनवरून मागवलेला, पातळ झीरो-डब्ल्यू-सिक्स्टीन. इंजिनाच्या तेलाच्या झाकणावर तोच आकडा कोरलेला होता आणि गाडीच्या पुस्तकातही तोच होता. पुस्तक तिनं सकाळीच उघडून बॉनेटवर ठेवलं होतं, वर पाना ठेवून, वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून.

"चाळीसाचे तीस झाले, तिसाचे वीस. आता सोळा," वरुणराव म्हणाले. "उद्या सांगतील, तेल कशाला, कावेरीचं पाणी ओता!"

"पाणी तरी कोठे आहे कावेरीत," गुरुमूर्ती म्हणाले.

वरुणराव हसले नाहीत. चाळीस वर्षं तंजावरापासून पापनाशमपर्यंतची इंजिनं या दोन बोटांच्या भरवशावर धावली होती. डबा कुठलाही असो, चिमटीत थेंब घ्यायचा, तार पाहायची आणि सांगायचं. भेसळ त्यांनी अशीच पकडली होती, डब्यावरचा आकडा न वाचता. आज बोटं एक सांगत होती आणि पुस्तक दुसरंच. बोटांचं ऐकून नवं इंजिन बिघडलं तर या माणसाला तोंड कसं दाखवायचं? आणि पुस्तकाचं ऐकलं, तर मग या बोटांचं काम काय उरलं?

त्यांनी आपला डबा उचलला.

घराचं दार वर्कशॉपातच उघडे. त्या पायरीवर लक्ष्मीप्रिया अंबाला मांडीवर घेऊन नाचणीची कांजी पाजत होती. सात महिन्यांची अंबा चमच्याला तोंड लावायची नाही. तिला घरातलं जुनं, चोचीचं चांदीचं बोंडलंच लागे. सासरे डबा उचलताना लक्ष्मीप्रियानं पाहिलं.

तेवढ्यात अंबाला ठसका लागला. बोंडल्याच्या चोचीतून कांजी आधी उतरेना, आणि मग एकदम गोळाच आला. पोर लालबुंद झाली. लक्ष्मीप्रियानं तिला पालथी धरून पाठीवर थापटलं. डबा खाली आपटून वरुणराव धावले.

"अगं, केवढी घट्ट केलीस! ती चोच केवढीशी, पोरीचा गळा केवढासा! ऊन पाणी घाल, पातळ कर."

अंबानं एक मोठा हुंदका दिला आणि रडायला लागली. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

"पातळ करू, मामंजी?" लक्ष्मीप्रियानं लेकीचं तोंड पुसत विचारलं. "घट्ट असली म्हणजे अंगी लागते, म्हणतात ना?"

"आधी घशाखाली तर उतरू दे! वेळेवर पोचलंच नाही तर अंगी काय लागणार, कपाळ?"

बोलले आणि त्यांची नजर खाली आपटलेल्या डब्यावर गेली.

लक्ष्मीप्रिया खाली मान घालून बोंडल्यात ऊन पाणी घालत होती. गुरुमूर्तींना मराठी येत नव्हतं. ते नुसते रावांच्या तोंडाकडे बघत होते.

वरुणराव बॉनेटपाशी गेले. पान्याखालचं पान त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलवत. मग खालचा आपला डबा उचलून बाकावर ठेवला आणि दुसरा घेतला. तेल इतकं भरभर उतरलं की नरसाळं भरलंसुद्धा नाही.

"चालू करा," ते गुरुमूर्तींना म्हणाले.

फिल्टर बदलला की तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत मोजायची त्यांची जुनी सवय होती. जुन्या गाडीत कधी पाच व्हायचे, कधी सहा. तेवढा वेळ आतलं लोखंड कोरडंच घासतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! त्यांनी काचेतून दिव्यावर नजर लावली.

"एक..."

दोन म्हणायच्या आत दिवा विझला.

त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाशी धरली. बराच वेळ ऐकत राहिले. खडखड नाही, टकटक नाही.

"काय म्हणते?" गुरुमूर्तींनी विचारलं.

"काहीच नाही म्हणत," वरुणराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "अहो, काहीच नाही म्हणत!"

गाडी गेली. वरुणरावांनी साबण लावून हात धुतले. मग वास घेऊन पाहिला आणि पुन्हा धुतले. पायरीवर येऊन सुनेच्या शेजारी बसले. अंबा अजून मुसमुसत होती, बोंडल्याकडे बघून तोंड फिरवत होती.

"आण इकडे."

त्यांनी कांजीचा एक थेंब चिमटीत घेतला आणि दोन बोटं हळूच अलग केली. तार आली नाही.

"आता बरोबर," ते म्हणाले, आणि बोंडल्याची चोच नातीच्या ओठांशी नेली.