टेकडीवरचा डाव

"आधी तू टाक," रूपेश म्हणाला आणि लाल तबकडी नमिताच्या हातात दिली.

बेलापूरच्या टेकडीवर ठिकठिकाणी बांबू रोवून त्यांवर मासळीच्या पाट्या बांधल्या होत्या. लांबून तबकडी फेकायची आणि पाटीत पाडायची. ज्याला कमी फेका लागतील, तो जिंकला. बोटीवर नोकरीला असलेल्या रूपेशनं हा खेळ अमेरिकेत पाहिला, तबकड्या घेऊन आला आणि मित्रांच्या मदतीनं इथे मांडला. कुणीही यावं, खेळावं. खाली खाडी, खाडीत दिवाळे गावच्या होड्या. जागा इतकी छान, की नमिताला तिचा राग आला.

पायथ्याशी बाकावर तिची आई सरस्वती, रूपेशचे वडील धर्मराज आणि तिचा सिताराममामा बसले होते. मामानंच सकाळी दोघांना वर पिटाळलं होतं. "खेला, बोला. तुमचा होकार आला तरच पुढं जायाचं."

म्हणायला होकार! नाही म्हणायची सोय कुठे होती?

नमितानं तबकडी भिरकावली. ती पाटीच्या कडेला आपटून आत पडली.

"पहिल्यांदाच खेळतेस ना?" रूपेशचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"हो. राग आला की नेम चांगला लागतो."

तो हसला. त्याच्या दोन फेका वाया गेल्या.

"घरी तुला काय सांगितलंय?" त्यानं चालता चालता विचारलं.

"आई बोलते कुठे? मामा म्हणाला, रविवारी सारसोळ्याची माणसं येतील, मुलगाही येईल. आमच्याकडे पोरीला सरळ कोण सांगतं? नवी साडी आली की समजून घ्यायचं. यावेळी तर आईनं स्वतःलाही घेतली."

"आमच्याकडेही तेच. मी सुट्टीवर आलो तर बाबांनी घराला रंग काढलेला. केसांनासुद्धा! घरात बाईमाणूस हवं, एवढंच म्हणाले. मग मी काय ते समजलो."

नमिताला हसू आलं आणि स्वतःचाच राग आला. बाबा गेल्यापासून आईनं टोपली डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली मासळी विकली, तिला बीकॉम केलं. आईला एकटी टाकून सासरी कसं जायचं? पण गेला महिनाभर आई कोळंबी सोलताना गुणगुणत होती. तिची ती गुणगुण बंद पाडायची कशी? नमिता पुरती अडकली होती.

"तुला हे नकोय," रूपेश अचानक म्हणाला.

"तुला?"

"मलाही टेन्शनच आहे. आणि बाबांना नाही म्हणायचं माझ्याच्यानं होत नाही. हे बघ, तू जिंकलीस तर नकार मी देतो. सगळा दोष माझा. मी जिंकलो तर... तर बघू."

मग ती जीव तोडून खेळली. कातळावरून, करवंदीच्या जाळीवरून, उतारावरून तिची तबकडी सरळ जात राहिली. रूपेशची एकदा थेट दरीत गेली. तो खाली उतरून ती घेऊन आला, गुडघा खरचटलेला, आणि येताना मूठभर करवंदं आणली. निम्मी तिला दिली.

"लग्नानंतरही आई आपल्याकडे राहिली तर?" नमितानं विचारलं. 'आपल्याकडे' हा शब्द तोंडातून गेल्यावर तिचे कान तापले.

"बाबांना चालेल. त्यांनाही बोलायला कुणीतरी होईल," रूपेश म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

शेवटच्या पाटीपाशी ती पुढे होती. पाटी हाताच्या अंतरावर. तबकडी आत टाकली की सुटका.

नमितानं नेम धरला, आणि तबकडी सरळ मागे झुडपात फेकली. दुसरीही. तिसरीही.

रूपेश तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपली तबकडी अलगद पाटीत ठेवली.

"हरलीस," तो हळूच म्हणाला.

"माहिताय," ती म्हणाली. इतकं मोकळं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दोघं धावतच खाली आली. बाकावरची तिघं उभी राहिली.

"मंग? काय ठरला?" मामानं विचारलं.

नमितानं रूपेशकडे पाहिलं. "आमची काही हरकत नाही, मामा. आम्हाला पसंत आहे."

आईनं पदरात तोंड लपवलं आणि रडायला लागली. धर्मराजकाकांनी डोळे पुसले, रूपेशच्या पाठीवर हात ठेवला.

मामानं पेढ्यांचा पुडा फोडला. पहिला पेढा धर्मराजकाकांच्या हातावर ठेवला.

"धर्मराज, भरव सरस्वतीला. पोरांनी परवानगी दिली तुमच्या लग्नाला. आन् नमिता, आजपासून रूपेशला दादा म्हनायचा."