तुरटीचं पाणी

झेलीने झगा खिडकीच्या उजेडात धरला आणि नाक मुरडलं.

"आई, याला काय झालंय? भांडी पुसायचं फडकं बरं."

लेओकादी रंगपटातल्या बाकावर इतर आयांमध्ये शिवण घेऊन बसली होती. पॅरिसच्या त्या नाटकगृहात नाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीमागे एक आई असे. लेकीच्या केसांतल्या आकड्यांपासून तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या म्हाताऱ्या उमरावांपर्यंत सगळ्यावर बाकावरून नजर ठेवली जाई.

"खळ जास्त झाली असेल," ती मान वर न करता म्हणाली.

खळ नव्हती, तुरटी होती. आदल्या दिवशी लेक बाहेर पडल्यावर लेओकादीने दार लावून घेतलं, टोपात तुरटीचं पाणी केलं आणि झग्याच्या मलमलीचे सगळे थर त्यात बुडवून काढले. तुरटीत भिजलेली मलमल पेट घेत नाही. झगे असे भिजवूनच घालावेत असा सरकारी हुकूमही होता. पण तुरटीने कापड पिवळट पडतं, ताठ होतं, गिरकी घेतली तरी फुलत नाही. तेव्हा पोरींनी तो हुकूम कधीच धाब्यावर बसवला होता. लेओकादी स्वतः नाचायची तेव्हा झगे पोटऱ्या झाकत आणि रंगमंचावर तेलाचे दिवे मिणमिणत. आता झगे आखूड होत होत गुडघ्यापाशी आले होते, थरांवर थर चढून कोबीसारखे फुगले होते, आणि चहूकडे गॅसच्या उघड्या ज्योती होत्या.

मागच्या हिवाळ्यात शहरातल्याच दुसऱ्या एका नाटकगृहात एक मुलगी जळाली. लेओकादी त्या रात्री तिथे नाच बघायला गेली होती, तिने तिचं ओरडणं ऐकलं होतं. तेव्हापासून झेली रंगमंचावर गेली की हिचा जीव टांगणीला लागे. तिने विनवून पाहिलं, रडून पाहिलं, नाही नाही ती स्वप्नं पडल्याचं सांगून पाहिलं. झेलीचं उत्तर ठरलेलं असे. "पिवळ्या झग्यातली परी बघायला कोण येणार, तू?"

आज रंगीत तालीम होती आणि झेली पहिल्यांदाच एकटीने पुढे येऊन नाचणार होती. तिने खोलीभर नजर फिरवली आणि ओनोरीनला हाक मारली. ओनोरीन नवी होती, शेवटच्या रांगेतली. बाकावर तिचं कुणी बसत नसे.

"ए, तुझा झगा दे बघू मला. मापाचाच आहे. मागे उभं राहणारीला पांढरं काय नि पिवळं काय!"

ओनोरीनने मुकाट्याने दिला आणि झेलीचा पिवळट झगा अंगात चढवला. लेओकादीचं तोंड उघडलं आणि मिटलं. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं असतं तर झेलीने तिला या खोलीत पुन्हा पाऊल टाकू दिलं नसतं.

तालीम सुरू झाली. आया विंगेत उभ्या राहिल्या. तिथे ब्र काढायचा नाही, असा मास्तरांचा दंडक होता. झेली ज्योतींच्या रांगेसमोर गिरक्या घेऊ लागली, पांढरी मलमल फुलून वर आली, आणि लेओकादी ठाऊक होते नव्हते तेवढ्या संतांना साकडं घालू लागली. तिची नजर लेकीवरून हलत नव्हती. मागे काय झालं ते शेजारणीने दंड घट्ट धरला तेव्हा तिला कळलं. ओनोरीनचा झगा विंगेतल्या दिव्यावर गेला होता, अगदी ज्योतीवरच.

पण पेटला नाही. कड काळी पडली, जरासा धूर निघाला, ओनोरीनने ती चिमटीत चुरगाळली आणि पुढचं पाऊल टाकलं.

"थांबायला कुणी सांगितलं?" मास्तर वाजवणाऱ्यांवर खेकसले. तालीम पुढे चालू झाली.

"पाहिलंस ना?" मध्यंतरात खोलीत येताच झेली म्हणाली. "ज्योतीवर गेला तरी नुसता काळा पडला. वर्षभर माझं डोकं खाल्लंस."

"तो तुझा होता," लेओकादी म्हणाली. "मी तुरटीत बुडवला होता तो. म्हणून वाचली ती पोर."

झेली हसली.

"स्वप्नं संपली वाटतं. आता तुरटी."

"देवाशपथ सांगते."

"मघाशी तर खळ म्हणालीस."

लेओकादी उठली. तिने आरशापुढची मेणबत्ती उचलली, ओनोरीनला जवळ ओढलं आणि झग्याची कड सगळ्यांदेखत ज्योतीत धरली. "बघा, पेटतोय का?"

नाही पेटला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. बाकावरची एक आई म्हणाली, "अगं, पेटत नाही हेच तर झेली सांगत होती!"

आपण काय करून बसलो ते तेव्हा लेओकादीच्या ध्यानात आलं. जाळून दाखवायला हवी होती ती साधी मलमल. तिने वळून पाहिलं. साधी मलमल खोलीत पुष्कळ होती, पण ती सगळी पोरींच्या अंगावर होती. शिवणाच्या टोपलीत एखादी चिंधी तरी सापडेल म्हणून तिने हात घातला, तोवर घंटा झाली.

पोरी उठल्या. बाहेरच्या अरुंद बोळात दोन्ही भिंतींवर दिवे जळत. तिथून जाताना त्या रोज झगे दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरत आणि अंग चोरून एकामागे एक जात. आज कुणीच आवळले नाहीत. मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून सगळ्यांत पुढे झेली चालली होती.