दातवण

किल्ल्याला वेढा पडल्यापासून शत्रूची मुंडकी धुऊन, केस विंचरून धन्यापुढे मांडायला तयार करायचं काम बायकांकडेच होतं. ओनुईच्या हातात नवऱ्यानं कापून आणलेलं मुंडकं होतं; त्याचे दात पांढरे होते.

"अगं, काळं दातवण लाव त्याच्या दातांना," नवरा गेन्जुरो कुजबुजला. "काळे दात म्हणजे सरदार. धनी तांदूळ जास्त देतील."

"अहो, पण हा साधा प्यादा आहे."

"मग पोराला काय खरेपणा भरवणार आहेस?"

मान खाली घालून तिनं ते दात काळे केले. मेलेल्याला आपण खोटं बोलायला लावलं, या लाजेनं तिनं हनुवटी दाबून त्याचं तोंड मिटवलं. हात काढताच ते पुन्हा उघडलं.

तांदूळ मिळाला. तिनं बाळाला पेज भरवली. स्वतः मात्र ती उपाशीच निजली.

सकाळी चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, लेकाला दात आले की गं! वाटीवर टकटक वाजले आत्ता."

ओनुईनं बाळाला उचललं. ते खुदकन हसलं. खालच्या हिरडीवर इवलेसे दोन दात होते, काळेभोर, चकचकीत.

तिनं बाहीनं पुसून पाहिलं. काळं निघेना.

"बघू तरी," म्हणत सासूबाई वळल्या, तशी तिनं घाईघाईनं हनुवटी दाबून त्याचं तोंड मिटवलं.

हात काढताच ते पुन्हा उघडलं.