नापास होण्याची तयारी

मातृभाषा माणसाला कधी दगा देत नाही. तुर्दाकुन मात्र दर जूनमध्ये तिला दगा देत असे, आणि तोही लेखी.

आत्ताही बिश्केकमधल्या एका भाषासंस्थेच्या उकडणाऱ्या खोलीत तो 'किरगिझ भाषा, पहिली पातळी' हा पेपर पुढ्यात घेऊन बसला होता आणि 'घोडा' या शब्दाचं काय वाटोळं करता येईल याचा विचार करत होता. घोड्यावर वाढलेल्या माणसाला हे जड जातं.

"मागच्या खेपेसारखा कोरा सोडू नकोस," बाकाजवळून जाता जाता गुलसारा एजे पुटपुटली. शिकवायची तीच, तपासायची तीच, आणि वर्गातले सगळे तिला एजे, म्हणजे ताई म्हणत. "कोऱ्या पेपरवर वरून विचारणा होते. नीट मन लावून चुका कर."

"सुचत नाहीत हो, एजे. आईची भाषा आहे."

"मग शेजारच्या तुर्की पोराचं बघून लिही. त्याला भराभर सुचतात."

भानगड साधीच होती. तुर्दाकुन अफगाणिस्तानातल्या पामीरचा, याक राखणाऱ्यांच्या वस्तीतला. बाप किरगिझ, आई किरगिझ, घरातल्या शिव्यासुद्धा किरगिझ. पासपोर्ट तेवढा अफगाण. आपण किरगिझ असल्याचा दाखला त्याला मूळ गावच्या कचेरीतून आणायला सांगितलं होतं, आणि त्याच्या मूळ गावात कचेरी नव्हती. म्हणून त्याने परक्यासारखा कायम वास्तव्याचा अर्ज केला. अर्ज विचाराधीन होता. विचार चालू असेपर्यंत देशात राहायला दुसरा एखादा व्हिसा लागतो, आणि याला मिळण्यासारखा एकच होता, विद्यार्थ्याचा. संस्थेत शिकवणी पहिल्याच पातळीची. पास झाला की शिक्षण संपलं. शिक्षण संपलं की व्हिसा संपला. व्हिसात एका दिवसाचा जरी खंड पडला तरी अर्ज बाद, आणि बायको-मुलीला घेऊन परत बर्फात. मुलगी आयजारकिन शाळेत पहिली आली त्याच आठवड्यात बाप नापास झाला. बायकोने दोन्ही आनंदांचे बोरसोक, म्हणजे सणासुदीचे पिठाचे गोळे, एकाच कढईत तळले.

या उन्हाळ्यात मात्र अघटित घडलं. अर्जावर विचार करणाऱ्यांनी खरोखरच विचार केला आणि त्याला भाषेच्या तोंडी परीक्षेला बोलावलं.

"उद्या पास व्हायचंय, कळलं ना?" गुलसारा एजेने दम दिला. "सवयीने काहीतरी बरळशील."

बायको बुरुल म्हणाली, "मला मागायला माझ्या बापाकडे आलात तेव्हा बोललात तसं बोला. तो काही द्यायला तयार नव्हता."

तोंडी परीक्षा घेणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षांचं नाव एर्मेक सादिकोविच. जन्म राजधानीतला, शिक्षण रशियन, भांडण रशियन, स्वप्नंही बहुधा रशियन. समोरच्या कागदावरचा किरगिझ प्रश्न त्यांनी शब्दाशब्दाखाली बोट फिरवत वाचला. "आपल्या... घराण्याची... माहिती सांगा."

तुर्दाकुन उठला. छातीवर हात ठेवून त्याने कुठल्याही किरगिझाने करावं तेच केलं. बापापासून सुरुवात करून सात पूर्वजांची नावं घेतली. कोणाचा घोडा कसला होता, कोणी कुठल्या हिवाळ्यात कुठली खिंड ओलांडली, कोणाच्या चाळिसाव्याला किती दुरून माणसं आली, सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत त्याला सरकारी खोलीत नीट बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

"थांबा, थांबा," अध्यक्ष रशियनमध्ये म्हणाले. "किरगिझमध्ये बोला ना."

"किरगिझमध्येच बोलतोय, साहेब."

अध्यक्षांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्ही सदस्य चहातली विरघळलेली साखर ढवळत होते.

"भाषा अजून कच्ची आहे," अध्यक्ष म्हणाले. "अर्ज विचाराधीन राहू द्या. तुम्ही एखाद्या संस्थेत नाव घाला."

"घातलंय."

"उत्तम. मग शिका मन लावून."

गुलसारा एजे ऐकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मेल्या, तुला नापास करायला मी इथे जिवाचं रान करते. आणि त्यांना ते फुकटात जमलं?"

शरद ऋतूत वरून नवा हुकूम आला. साहेबांनाही राज्यभाषा आली पाहिजे. वर्षाच्या आत पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर खुर्ची सोडा. दुसऱ्याच सोमवारी एर्मेक सादिकोविच सुटाबुटात वर्गात आले आणि रिकामं होतं म्हणून तुर्दाकुनच्या शेजारच्या बाकावर बसले. ओळख दोघांनीही दाखवली नाही. साहेब वर्षभर फोनवर बोलायला बाहेर जात राहिले.

पुन्हा जून आला. पुन्हा तीच उकडणारी खोली, तोच घोडा. तुर्दाकुनने यंदा जीव ओतला होता. पेपर काठोकाठ भरलेला, आणि एकही वाक्य धड नाही. खाली सही करतोय तोच शेजारून घामेजलेला कोपर लागला.

"भाऊ, पेपर जरा इकडे सरकव."

"मी? साहेब, माझी भाषा कच्ची आहे."

"उगाच लाजू नकोस. तुला पक्की येते. त्या दिवशीच कळलं होतं मला."

तुर्दाकुनने पेपर सरळ केला आणि हलकेच बाकाच्या कडेला सरकवला.

"घ्या साहेब," तो म्हणाला. "आमच्यात पाहुण्याला नाही म्हणत नाहीत."

एर्मेक सादिकोविचनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं उतरवून घेतलं.

दोघंही नापास झाले. व्हिसा एकाचाच वाढला.