परातींच्या प्रेसचं तेल

नातीच्या बारशाला जमलेल्या बायकांनी बाळ पुढे केलं, तसे मुरारराव मागे सरले आणि त्यांनी सवयीनं हात पाठीशी बांधले. त्यांचा सारा जन्म स्टीलच्या पराती दाबून काढणाऱ्या प्रेसवर गेला होता. लेक वैजू तान्ही असताना त्यांनी पहिल्यांदाच तिच्या गालांना बोटं लावली, तर हाताच्या तेलानं पुरळ उठलं होतं. त्यानंतर त्यांनी तिला कधी उघड्या हातांनी घेतलंच नाही.

"आबा, आता तरी घ्या की!" वैजू म्हणाली.

"आत्ताच शिफ्टवरून आलोय गं. हातांना तेल आहे."

"पण ते जुनं तेल कुठाय आता? हल्ली शेवाळापासून काढतात तेच ना?"

"तेच. एवढ्या दाबाखालीही पत्र्यावरून हटत नाही. नाल्यात गेलं तर मासे खाऊन टाकतात."

त्यांची बायको हसली. "अहो, मग सकाळी हिला कशानं चोळलं असेल? तुमच्याच कारखान्याच्या डब्यातलं होतं ते!"

"प्रेसचं तेल? बाळाला?"

"डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, याच्याइतकं सौम्य दुसरं नाही."

मुराररावांनी भीत भीत ओंजळ पुढे केली. नात तिच्यात विसावली. एवढासा जीव इतका ऊबदार असतो, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.