यानातली हवा

मध्यभारत राज्य मोडून मध्यप्रदेश झाला, तरी उज्जैनला दिगंबर मास्तरच्या खोलीवर रविवारचा डाव चुकला नव्हता. पट पचीसीचा, पण खेळ त्याच्या डोक्यातला: मंगळावरून परतताना काळोखात भरकटलेलं यान. गोष्ट तो रचायचा. सरकारी दफ्तरातले तिघे दोस्त कवड्यांच्या दानावर जगायचे-मरायचे. आज तिघेही दमलेले दिसत होते. त्यांना तरतरी यावी म्हणून त्याने पेच टाकला, “यानात हवा दोघांपुरतीच उरलीय. कोण उतरणार?” एरवी यावर हमरीतुमरी व्हायची. आज मुकुंदाने सोंगटी मुकाट्याने पटाबाहेर सरकवली. “जाने दो यार, मीच उतरतो. भोपाळला बदली झालीय.” “माझी रायपूरला,” म्हणत वामननेही सोंगटी उचलली. श्रीधर कसनुसं हसला, “जबलपूर. डाव मोडेल म्हणून बोललो नव्हतो.” त्याचीही सोंगटी उतरली. रिकाम्या पटाकडे बघत दिगंबरने गोष्ट पुढे नेली, “आता हवा भरपूर आहे.”